तिसरी आडवी तार

मी वाईला गेले ती भावाच्या मदतीला नाही, हे आधीच सांगून टाकते. हॉटेलातलं एक मशीन बिघडलंय म्हणून वहिनीनं तीनदा फोन केला. पहिल्या दोन वेळा मी काम आहे म्हणून टाळलं. पण दुसऱ्या फोनच्या वेळी तिच्या मागून भावाचा आवाज ऐकू आला. "तिला कशाला बलवतीस? तिला काय कळतंय त्यातलं?" फोन ठेवल्यावर दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तिसरा फोन आला तेव्हा मी सोमवारी येते म्हणून सांगितलं.

सांगलीत माझं बोर्ड दुरुस्तीचं दुकान आहे. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे बोर्ड, शेतातल्या मोटारींच्या पॅनेलचे, यंत्रमागांचे, दवाखान्यातल्या जुन्या मशिनींचे. बावीस वर्षं मी हेच करते. नवीन गिऱ्हाईक अजूनही दारात उभं राहून विचारतं, "मेस्त्री कुठं गेलेत?" मी मान वर न करता सांगते, मीच मेस्त्री, काय झालंय बोला.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. सैन्यात होता, सुभेदार होऊन निवृत्त झाला, आणि आता सगळे त्याला सुभेदार म्हणूनच हाक मारतात. वडिलांचं वाईत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही दोघंही तिथंच डाग द्यायला, म्हणजे कथिल वितळवून तारा जोडायला शिकलो, आधी तो, मग मी. बारावीनंतर मी साताऱ्याच्या आयटीआयला अर्ज केला आणि इलेक्ट्रॉनिक्सला माझा नंबर लागला. तो तेव्हा रजेवर आला होता. जेवता जेवता त्यानं वडिलांना सांगितलं की ही पोरांच्यात बसून शिकणार असेल तर मी ह्या घरात परत पाय ठेवणार नाही. वडील मऊ होते. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही, फक्त फी भरायच्या दिवशी ते सकाळीच कुठंतरी निघून गेले. पुढं लग्न होऊन सांगलीत आल्यावर, कडेवर एक वर्षाची मुलगी असताना, मी तोच कोर्स केला. नवऱ्यानं आणि सासूनं करू दिला. मधली पाच वर्षं गेली ती गेली. त्या पाच वर्षांबद्दल भावाशी माझं कधी भांडण झालं नाही. आम्ही लग्नकार्यात भेटायचो, कसं काय विचारायचो आणि लांब लांब बसायचो. भांडण झालं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

वाईहून पाचगणीला जाताना, घाट सुरू व्हायच्या आधी, त्याचं हॉटेल आहे. सहा खोल्या, जेवणाची पडवी, आणि मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी खेळांची एक खोली. तिथं कॅरम आहे, टेबल टेनिस आहे आणि ते मशीन आहे. पिनबॉल म्हणतात त्याला, पण हॉटेलातले सगळे गोळीचं मशीन म्हणतात. काचेखाली तिरपा लाकडी फळा असतो. त्यावर स्टीलची गोळी सुटते, इकडं तिकडं आपटते, दिवे लागतात, आकडे वाढतात. खाली दोन पाती असतात. गोळी खाली यायला लागली की बटण दाबून पात्यानं तिला वर मारायचं. पुण्यातलं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा भावानं ते तिथून आणलं. वहिनीनं मला एकदा सांगितलं होतं की नोकरीत असताना एका छावणीच्या क्लबात त्यानं असलं मशीन पाहिलं होतं आणि तिथं ते फक्त साहेब लोकांना खेळायला मिळायचं.

सकाळी सहाच्या एसटीनं निघाले आणि साताऱ्याला गाडी बदलून दहाच्या सुमाराला पोचले. सोमवार असल्यानं पाहुणे नव्हते. भाऊ पडवीत खुर्ची टाकून बसला होता. त्यानं ये म्हटलं नाही. माझ्या हातातल्या पेटीकडं बघितलं आणि म्हणाला, खोली तिकडं हाय. वहिनी आतून हात पुसत आली, चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं आधी मशीन बघते.

मागच्या मोरीवर एक बाई भांडी घासत होती. पन्नाशीची, उंच, हातात हिरव्या बांगड्या. मी शेजारून गेले तशी तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

ती कोण ते भावानंच सांगितलं, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. ती जतकडची, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावची. तीन वर्षं इथं होती आणि खेळांची खोली तिच्याकडं होती. ह्या बाईनं ओलं फडकं मारून मशीन घालवलं, तो म्हणाला. सकाळी तिनं पुसलं आणि दुपारी मशीन येड्यासारखं करायला लागलं. म्हणून तिला खोलीतून काढून भांड्यांवर बसवलंय आणि महिना भरला की जायला सांगितलंय. पुण्याहून दोन माणसं येऊन गेली, त्यांनी सांगितलं की पूर्ण बोर्ड बदलावा लागेल आणि तो परदेशातून मागवावा लागेल. हे सगळं तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत होता हेही मला नंतर कळलं. मशीन का बंद आहे असं कुणी विचारलं की तो मोरीकडं बोट दाखवायचा.

मी मशीन चालू केलं. खेळ सुरू केल्याबरोबर गोळी सुटायच्या आतच आकडे धावायला लागले, एक दिवा थरथरत राहिला आणि मशिनीनं आपणच खेळ संपवून टाकला. मी बटणं दाबून मशिनीचा तपासणीचा भाग उघडला. त्यात पडद्यावर चौकटींचा एक तक्ता येतो, आठ उभ्या रांगा आणि आठ आडव्या. फळ्यावर चौसष्ट ठिकाणी स्विच असतात. गोळी कुठून गेली, कशाला लागली, हे मशिनीला त्यांच्यावरून कळतं. पण चौसष्ट स्विचना चौसष्ट तारा टाकत नाहीत. आठ उभ्या आणि आठ आडव्या अशा सोळाच तारांत काम भागवतात. बोर्ड एकेका उभ्या तारेला हाक मारतो आणि आडव्या तारांवर कोण ओ देतं ते ऐकतो. ज्या स्विचला गोळी लागली असेल तो ओ देतो. इथं तिसरी आडवी तार कुणालाही हाक मारली तरी ओ देत होती. पडद्यावरच्या तिसऱ्या ओळीतल्या आठही चौकटी भरलेल्या. एकाही स्विचला हात लागलेला नव्हता.

भाऊ माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. हात पाठीमागं, पाय फाकवून, कवायतीला उभं राहावं तसा.

"पाणीच गेलंय," तो म्हणाला.

मी बोर्डावरची आडव्या तारांची जोडणी काढून ठेवली. म्हणजे आता फळ्यावरचे सगळे स्विच सुटले आणि बोर्ड एकटा राहिला. तरी तिसरी ओळ भरलेलीच. दोष बोर्डावर आहे एवढं नक्की झालं. मी भिंग लावून बघितलं. पाणी गेलं असतं तर जोडणीच्या पिनांवर हिरवा-पांढरा थर दिसला असता. पिना चकचकीत होत्या. आणि ओलं फडकं आठांपैकी नेमकी एकच ओळ शोधून काढत नाही. हे मी बोलले नाही. मला आधी मशीन चालू करून दाखवायचं होतं आणि मग बोलायचं होतं. माझ्या मनात त्या बाईचा विचार नव्हताच. भावाचा चेहरा कसा होईल तेवढाच विचार होता.

आडव्या तारांचं ऐकण्याचं काम करणारे दोन आयसी, म्हणजे पाय असलेल्या काळ्या चिपा, त्या बोर्डावर होते, एकेकाकडं चार तारा. मीटरनं पहिला तपासला, त्याचा तिसऱ्या तारेचा पाय आतून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, चिकटलेला सापडला. आयसी साधा, वजनकाट्यांतही तोच असतो. माझ्या पेटीत त्याचे दोन होते. मी जुना काढला, तिथं बेस बसवला, म्हणजे पुढं कधी बदलायचा झाला तर डाग काढायला नको, आणि त्यात नवा आयसी दाबला. जोडणी लावली. तक्ता स्वच्छ झाला. मी फळ्यावरच्या एकेका स्विचवर गोळी दाबून बघितली, प्रत्येक चौकट बरोबर भरत होती आणि बरोबर रिकामी होत होती. सगळं मिळून दीड तास.

"झालं," मी म्हटलं. "आयसी गेला होता. जुना झाला की जातो. पाण्याचा काही संबंध नाही."

इथं माझं चुकलं. आयसी गेला होता हे खरं, पण तो का गेला हे मी शोधलंच नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाचा बोर्ड असता तर मी असं कधी सोडलं नसतं. पण मागं तो उभा होता, पुण्याच्या माणसांना न जमलेलं मी दीड तासात केलं होतं आणि मला घाई झाली होती.

भावानं खेळ सुरू केला. गोळी वर गेली, खाली आली, त्यानं डाव्या पात्यानं मारली. मिनिटभर छान चाललं. वहिनी दारात येऊन बघायला लागली. मग गोळी डाव्या बाजूच्या किकरवर आपटली. किकर म्हणजे रबर लावलेला कोपरा असतो, गोळी लागली की खालची कॉईल ओढते आणि तो गोळीला लाथ मारतो. त्यानं लाथ मारली आणि त्याच क्षणी आकडे धावायला लागले, दिवा थरथरला, खेळ संपला. मी तक्ता उघडला. तिसरी ओळ पुन्हा भरलेली.

भाऊ हसला. मोठ्यानं नाही. नाकातून हवा सोडावी तसा.

"बावीस वर्षं हेच करतीस व्हय सांगलीत?" तो म्हणाला. मग वहिनीकडं वळून म्हणाला की मी सांगितलं होतं हिला बोलवू नकोस म्हणून, चांगला व्हता तो बी आयसी जाळला.

 वहिनी जेवायला चला म्हणाली. मी जेवायला गेले नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तो म्हणत होता ते खरं होतं. आयसी मीच जाळला होता. तो जेवायला गेला आणि मी त्या खोलीत एकटी बसून राहिले. 

मग डोकं चालायला लागलं. नवा आयसी एका क्षणात गेला तो किकरच्या लाथेबरोबर. स्विचच्या तारांत थोडाच दाब असतो, पाच-बारा व्होल्टचा. कॉईलमध्ये पन्नासच्या वर. कुठंतरी कॉईलचा दाब तिसऱ्या आडव्या तारेत शिरत होता, आणि तोही फक्त किकर हलला की. मी मशीन बंद केलं, प्लग काढला, काच सरकवली आणि फळा उचलून उभा केला. फळ्याच्या खालची बाजू म्हणजे तारांचं रान असतं. बॅटरी लावून डाव्या किकरची कॉईल शोधली. तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर, एका स्विचची पत्ती होती. ती पत्ती तिसऱ्या ओळीची. पत्तीच्या कडेला काळा ठिपका होता, तिळाएवढा.

कॉईलच्या दोन टोकांपैकी एकावरची तार पुन्हा जोडलेली होती. बाकी सगळ्या मशिनीतले डाग बारीक आणि सारखे होते, कारखान्यातले. हा एकच डाग जाड, हातानं दिलेला. तारेला टोकाभोवती तीन वेढे दिले होते आणि वेढ्यांच्या पुढं तारेचं गव्हाएवढं टोक बाहेर सोडलं होतं. किकर ओढला की कॉईल हादरायची आणि ते टोक पत्तीला लागायचं.

तो जोड बघून मी बॅटरी खाली ठेवली. वडील असा जोड द्यायचे. तीन वेढे, आणि टोक कापायचं नाही. पुढच्या वेळी सोडवताना चिमट्यात धरायला बरं पडतं, असं ते म्हणायचे. रेडिओत जागा भरपूर, तिथं चालून जायचं. मीही तसंच शिकले होते. आयटीआयमध्ये मास्तरांनी माझी ही सवय मोडेपर्यंत महिनाभर माझे जोड सगळ्या वर्गाला दाखवले होते. वडील गेल्यावर असा जोड देणारं माणूस एकच उरलं होतं आणि ते पलीकडं पडवीत जेवत होतं.

मी वहिनीला हाक मारून विचारलं की मशीन ह्याआधी कधी बिघडलं होतं का. ती ताट हातात घेऊनच आली. म्हणाली, बिघडलं असं नाही, डावीकडचं ते मारायचं बंद पडलं होतं, मग ह्यांनीच एका दुपारी उघडून तार जोडली. दोन दिवस चाललं आणि मग हे सुरू झालं. बोलता बोलता ती थांबली. तिनं उभ्या फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वन्सं, तुमी हा विषय आत्ता काढू नका," ती म्हणाली.

पण मी तेवढ्याचसाठी तर आले होते. मी पडवीत गेले आणि भावाला म्हटलं, हात धुऊन ये, दाखवायचंय. तो आला. मी बॅटरी धरली. आधी काळा ठिपका दाखवला, मग टोक, मग वेढे. त्याला एका नजरेत कळलं.  तरी तो म्हणाला की पुण्याच्या त्या माणसांनी केलं असेल.

"तीन वेढे आणि टोक बाहेर," मी म्हटलं. "पुण्यात असं कुणी करत नाही, दादा. आयटीआयला पहिल्याच महिन्यात हे टोक कापायला शिकवतात. पण तू कधी गेला नाहीस तिथं, आणि मलाही जाऊ दिलं नाहीस."

इतकी वर्षं हे वाक्य मी कितीतरी प्रकारे मनात म्हटलं होतं. म्हणून झाल्यावर फार काही वाटलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. तो तारेकडंच बघत होता.

"बास," तो म्हणाला. "चालू करायचं तर कर. न्हाईतर ऱ्हाऊ दे."

मी टोक कापलं, कॉईल जागेवर घट्ट केली, मधे इन्सुलेशनचा तुकडा घातला. फळा खाली बसवला. जळालेला आयसी बेसमधून उपसून काढला. पेटीतला शेवटचा आयसी हातात घेतला आणि तिथं मी थांबले. मी म्हटलं की हा घालायला अर्धं मिनिट लागतं, पण आधी त्या बाईला इथं बोलव आणि तिच्यासमोर सांग की मशीन तुझ्या हातानं गेलं.

तो म्हणाला, मी माझ्या कामावरल्या माणसापुढं काय बोलायचं ते तू मला शिकवायचं नाही. मी म्हटलं, मग मशीन असंच राहील. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे. आमचे आवाज चढले. वहिनी मधे येऊन कधी त्याला आवर म्हणत होती, कधी मला. मी आयसी मुठीत धरून उभी होते. त्याचे पाय तळहाताला टोचत होते.

ती बाई दारात येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. हातांना राख तशीच होती. तिनं सगळं ऐकलं असणार.

"साकु, साकु," ती म्हणाली. त्यांच्याकडं कानडीत बास म्हणायला हाच शब्द. मला वाटलं ती भावाला म्हणतेय. पण ती माझ्याकडं बघत होती. "तुमी माझ्या नावानं भांडू नका. तुमचं भांडण तुमच्या घरचं हाय. मला मधी घालू नका."

मी तिला म्हटलं की तुमच्यावर खोटा आळ आला होता, तो मी खोटा ठरवलाय.

"मी पैल्या दिवसापासनं सांगत हुते, फडकं कोरडं हुतं," ती म्हणाली. "माझं कोण ऐकलं? तुमी बी सकाळधरनं हितं हाय. मला एकदा तरी इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. तिच्याशी दिवसभरात मी एक शब्द बोलले नव्हते. ती भावाकडं वळली आणि म्हणाली की सुभेदार, मी आजच जाते, महिना भरायची वाट बघत नाही. भाऊ म्हणाला, जा. वहिनी तिच्या मागोमाग गेली. आतून वहिनीचा समजावण्याचा आवाज येत राहिला, त्या बाईचा एकदाही आला नाही.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी मूठ उघडली. एका पायाला थोडा बाक आला होता, तो चिमट्यानं सरळ केला आणि आयसी बेसमध्ये दाबला. तक्ता बघितला, आठही ओळी स्वच्छ. काच बसवली. ह्या वेळी मी स्वतः गोळी सोडली आणि मुद्दाम डाव्या किकरवर दहा-बारा वेळा घातली. काही झालं नाही. मी बाजूला झाले. भाऊ पुढं आला, माझ्याकडं पाठ करून त्यानं खेळ सुरू केला आणि खेळत राहिला. मी पेटी भरेपर्यंत तो वळला नाही. फक्त एकदा, गोळी खाली निसटली तेव्हा, त्यानं काचेवर तळहात आपटला. मी जाते म्हटलं. त्यानं पुढची गोळी सोडली.

वाईच्या स्टँडवर ती बाई होती. कापडाची पिशवी, एक पत्र्याचा डबा. साताऱ्याच्या गाडीत आम्ही दोघीही चढलो. ती पुढं बसली, मी मागं बसले. पाचवडपर्यंत मी तिच्या अंबाड्याकडं बघत होते आणि काय बोलावं ते ठरवत होते. साताऱ्याला उतरल्यावर मी तिच्याजवळ गेले. सांगलीत माझ्या ओळखीच्या दोन खानावळी आहेत, तिथं काम मिळेल, मी शब्द टाकते, असं सांगितलं. ती नको म्हणाली. तिची लेक जतला होती, तिच्याकडं जायचं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण मग तिनंच मला एक विचारलं.

"ते टोक कापलं का?"

मी म्हटलं, कापलं.

"मग बरं. न्हाईतर माझ्या जागेवर दुसरी येईल, तिच्यावर आलं असतं."

सांगलीची गाडी लागली होती, तिला तिकडूनच जतची मिळणार होती. तरी ती त्या गाडीत चढली नाही. मागून येते म्हणाली आणि बाकावर बसून राहिली. माझ्याबरोबर आणखी तीन तास तिला नको होते, एवढं मला कळलं. मी एकटी चढले.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, झालं का काम? मी झालं म्हटलं. त्यानं भावाबद्दल विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं, मुठीत आयसी धरून उभी राहिले तेही सांगितलं.  तो म्हणाला, त्या बाईला आधी विचारायला पाहिजे होतंस. मी त्याच्यावर चिडले. दोन दिवस चिडलेली होते.

भावाशी त्यानंतर बोलणं झालेलं नाही. वहिनीचा अधूनमधून फोन येतो, तो घरात नसताना. मशीन चांगलं चालतंय म्हणाली. त्या बाईच्या जागी कुणाला ठेवलं नाही, खोली आता वहिनीच झाडते. गावच्या यात्रेला या म्हणून तिनं सांगितलं, मी कारखाने सुरू व्हायच्या दिवसांत मला सवड नसते म्हटलं. ते खोटं नव्हतं.

मागच्या फोनला मी न राहवून विचारलं की आता मशीन का बंद पडलं होतं असं कुणी विचारलं तर तो काय सांगतो.  वहिनी म्हणाली, ते सांगतात की सांगलीहून बहिणीला बोलवलं, तिनं दोन आयसी जाळले, मग आमीच बघितलं तवा तार सापडली.

मी वहिनीला म्हटलं, एकच जाळला. तेवढं तरी त्याला नीट सांगायला सांगा.